कान न चिरलेली कोकरे

जबाब
दि. १३/०२/२०२५

नाव फुलाबाई बिरप्पा सरगर, वय ४५ वर्षे, धंदा मेंढपाळी, कायमची राहणार सरगर वस्ती, ता. मंगळवेढा, जि. सोलापूर. सध्या मुक्काम मैंदर्गी शिवारात सोमशेखर बिराजदार यांच्या वरच्या रानात, ता. अक्कलकोट.

माझी एकोणीस कोकरे चोरून नेली म्हणून मी स्वतः ठाण्यात हजर होऊन सांगते की, मी पती बिरप्पा, धाकटा दीर सिद्धराम आणि जाऊ रुपाली यांच्यासह राहते. राहते म्हणजे मेंढरे जातील तिकडे राहते. दिवाळी झाली की आम्ही गाव सोडतो आणि पावसाच्या आधी परत जातो. कळपाला आणि कळपाच्या मुक्कामाला, दोन्हीला आम्ही वाडा म्हणतो. शेतकरी आपल्या मोकळ्या रानात आमचा वाडा चार-दोन रात्री बसवून घेतात, कारण लेंडीखतासारखे खत दुकानात मिळत नाही. बदल्यात आम्हाला ज्वारी मिळते. हा व्यवहार शब्दावर चालतो. आजवर कधी कागद केला नाही आणि कधी ठाण्याची पायरी चढले नाही.

पुढचे रान ठरवायला पूर्वी माझे सासरे काठी घेऊन दोन दिवस आधी चालत जायचे. माणूस बघायचे, त्याच्या घरचे पाणी प्यायचे, मग शब्द द्यायचे. आता ते काम मोबाईल करतो. दीर सिद्धराम याने वाडा बसवून घेणाऱ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला आहे. त्यात दोनशेच्या वर लोक आहेत, त्यातले दहासुद्धा आम्ही डोळ्यांनी बघितलेले नाहीत. रोज सकाळी मेंढरे सोडली की सिद्धराम त्यात लाइव्ह लोकेशन टाकतो. मेंढरे कुठे चरतात ते ग्रुपमधल्या प्रत्येकाला नकाशावर दिसते, ठिपका हलतो तसा कळप हलतो. जवळपासचा शेतकरी ते बघून फोन करतो. काम होते, हे मी नाकारत नाही. पण मी त्याला पहिल्याच आठवड्यात म्हटले होते, "भावजी, वाड्यावर गडीमाणूस न्हाय हे दवंडी पिटून सांगताय की वो." त्यावर तो म्हणाला, "वैनी, तुमाला काय कळतंय त्यातलं." हे वाक्य जबाब लिहून घेणाऱ्या पोलीस मॅडमनी गाळले होते. ते मी लिहायला लावले.

सोमशेखर बिराजदार यांनी ग्रुपवरूनच आम्हाला बोलावले. आधी तीन रात्री वाडा त्यांच्या खालच्या रानात होता, ओढ्याच्या पलीकडे. तिथे बंद पडलेले कोंबड्यांचे शेड आहे. त्याच्या भिंतीच्या आडोशाला मी चूल मांडली होती. तिथे मोबाईलला अजिबात रेंज नाही. नंतर आम्ही वरच्या रानात आलो, ते त्यांच्या घराला लागून आहे. त्यांचा मुलगा शरणबसव, वय अंदाजे पंचवीस, याने सिद्धराम व रुपाली यांना घरच्या वायफायचा पासवर्ड आपण होऊन दिला. गोठ्याच्या भिंतीला टेकून बसले की वायफाय लागते. दोघे संध्याकाळी तिथे बसायचे. सोमशेखर यांच्या पत्नी बसव्वा मला रोज तांब्याभर ताक द्यायच्या. त्या कानडी बोलतात, मी मराठी बोलते, आमचे कधी अडले नाही.

शरणबसव रोज वाड्यावर यायचा. मोठी मेंढरे चरायला जातात तेव्हा लहान कोकरे मागे जाळीत ठेवतो, ती एकोणीस होती. महिन्या-दीड महिन्याची, अजून आईच्या दुधावर. त्याने मला विचारले, "मावशी, मोठ्यांच्या कानाला चिरा हाय, ह्यांच्या कानाला का न्हाय?" मी सांगितले की आमच्या घरात जत्रेला बिरोबापुढे भंडारा उधळल्यावरच कोकराचे कान चिरतात, तोवर खूण करत नाहीत. तो मान हलवत ऐकत होता. माणसाने विचारले, मी सांगितले. यात माझे काही चुकले असे मी मानत नाही.

दि. ११ रोजी सकाळी पती व दीर मेंढरे आणि कुत्री घेऊन ओढ्याकडे गेले. रुपाली दळण घेऊन गावात गिरणीवर गेली. वाड्यावर मी एकटी होते. दुपारी एकच्या सुमारास माझ्या मोबाईलवर अनोळखी नंबरवरून व्हॉइस मेसेज आला. आवाज पुरुषाचा, ओळखीचा नव्हता. तो असा: "मावशी, तुमची मेंढरं आमच्या हरभऱ्यात शिरली हायती. तुमच्या मालकाला लोकांनी धरलंय. लवकर या, न्हायतर डोकं फुटंल." मी त्या नंबरवर फोन केला, उचलला नाही. सिद्धरामला लावला, तर तो सारखा दुसऱ्या कॉलवर. त्या वेळी एक माणूस त्याला मेंढरे किती, कधी येता, किती रात्री बसता, असे विचारत बोलण्यात गुंतवून ठेवत होता, हे मला नंतर समजले. पती मोबाईल बाळगत नाहीत. मी ग्रुप उघडला. ठिपका ओढ्याच्या पार पलीकडे, खालच्या रानाच्याही पुढे रेंज येते त्या माळावर होता. बिराजदारांच्या दाराला कडी होती. लक्ष ठेवायला सांगावे असे कोणी नव्हते. मी ठिपक्याच्या दिशेने पळत गेले.

तिथे हरभरा नव्हता आणि भांडणही नव्हते. पती लिंबाखाली तंबाखू मळत बसले होते. मला बघून म्हणाले, "जेवाण आणलंस व्हय?" मी तशीच माघारी पळाले.

वाड्यावर आले तर जाळी जमिनीवर पडलेली आणि कोकरे एकही नाही. रानातून रस्त्यापर्यंत पिकअपच्या चाकांच्या ताज्या खुणा होत्या. ज्याने कोणी हे केले त्याला वाड्यावर एक बाई आहे हे माहीत होते, माझा नंबर माहीत होता, आणि मला पळायला किती लांब जावे लागेल तेही मोबाईलवर दिसत होते. त्याला काठी लागली नाही की सुरी लागली नाही. आमच्याच ग्रुपवर त्याचे भागले.

दिवस मावळताना मेंढ्या परत आल्या. रोज त्या जाळीकडे धावत येतात व प्रत्येक मेंढी आपले कोकरू शोधून पाजते. मॅडमनी विचारले की त्या वेळी नक्की काय झाले. मेंढ्या ओरडल्या, एवढेच लिहा. सड तटतटून दगड झाले तेव्हा मी आणि रुपालीने एकेक मेंढी धरून पिळली. भांडी पुरली नाहीत. उरलेले दूध मातीत पिळले. आमच्यात दूध सांडले तरी बोट लावून कपाळाला लावतात. त्या दिवशी मला ते सुचले नाही.

त्यानंतर रुपाली मोबाईल घेऊन गोठ्याच्या भिंतीकडे गेली. ती शेळ्या-मेंढ्यांच्या खरेदी-विक्रीच्या ग्रुपमध्ये आहे. तिथे दुपारी चारला एका अनोळखी नंबरवरून व्हिडिओ आला होता. खाली लिहिले होते, "एकोणीस कोकरं, एकगठ्ठा देणे, खात्रीशीर माल." त्यावर एका व्यापाऱ्याने उत्तर दिले होते की तेरा तारखेला दुपारी गाडी घेऊन येतो. रुपालीने व्हिडिओ आपल्या मोबाईलमध्ये उतरवून घेतला, म्हणजे चोरीचा पुरावा आम्ही चोराच्याच वायफायवर मिळवला. व्हिडिओत माझी कोकरे आहेत. मागे पांढरी भिंत आहे व भिंतीवर कमरेएवढ्या उंचीपर्यंत धुराचा काळा डाग आहे. तो डाग माझ्या चुलीचा आहे. खालच्या रानातले शेड ते हेच. मी तीन दिवस त्या भिंतीकडे तोंड करून भाकरी थापली आहे, मला कोणी भिंत शिकवू नये.

मला व्हिडिओ दाखवताना रुपालीने आवाज मोठा केला. कोकरे ओरडत होती. वाड्यातल्या मेंढ्यांनी माना वर केल्या आणि कोकरांच्या एकोणीसच्या एकोणीस आया जाळी तोडून आमच्या अंगावर आल्या. रुपाली खाली पडली. मोबाईल मातीत पडला तरी आवाज चालू होता आणि मेंढ्या त्या मोबाईलला हुंगत होत्या. मी व्हिडिओ बंद केला. रुपाली म्हणाली, "आक्का, परत लावू नगा." मी परत लावला नाही.

पती त्या रात्री शेडकडे जायला तयार झाले नाहीत. दुसऱ्याच्या रानातले कुलूप तोडले तर आपणच चोर ठरू, असे त्यांचे म्हणणे पडले. दि. १२ रोजी उजाडताच मी व सिद्धराम शेडवर गेलो. दाराला कुलूप होते व आतून कोकरांचा आवाज येत होता. आवाज बारीक झाला होता. पाठोपाठ शरणबसव दोन मित्रांना घेऊन मोटारसायकलवर आला. मी त्याला कुलूप काढायला सांगितले. तो म्हणाला, "ही मी बाजारातनं इकत आणलेली कोकरं हायती. तुमची असतील तर खूण दावा. कान बघा की, कुटं हाय चिरा?" असे म्हणून तो मित्रांकडे बघून हसला. हे मला विचारून घेतलेले, आणि मलाच सांगतो. मी त्याच्या कानाखाली एक दिली. मॅडम म्हणाल्या की हे जबाबात नसले तरी चालेल. मी म्हटले असू द्या. त्याला विचारले तर तो सांगणारच आहे, त्यापेक्षा मीच सांगते.

परत येईपर्यंत विक्रीच्या ग्रुपवरचा व्हिडिओ गेला होता. त्या जागी हा मेसेज डिलीट केला आहे एवढेच दिसते. मेसेज डिलीट केला की झालेले काम डिलीट होते, असे त्याला वाटत असावे.

त्याच दिवशी दुपारी बसव्वा वाड्यावर आल्या. ताक आणले नव्हते. पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "बिडू यव्वा, सोड आता. लेकरू चुकलं. दिवस मावळायच्या आत तुझी कोकरं तुझ्या जाळीत आणून सोडते. पोलिसात जाऊ नको, त्याचं लग्न ठरायला लागलंय." मी म्हटले, "बसव्वा, लेकरू तुमचं पंचवीस वर्सांचं हाय. माझी महिन्याची हायती आनि उपाशी हायती." त्या खाली बघत राहिल्या. त्यांना लाज वाटत होती, हे मी बघितले आहे आणि ते लिहून घ्यावे. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. मी काही बोलायच्या आत पती बिरप्पा यांनी, चालेल, असा शब्द दिला.

दिवस मावळला. कोकरे आली नाहीत. मेसेज आला. आमच्याच ग्रुपवर, शरणबसवच्या नंबरवरून, माझा व सिद्धरामचा फोटो टाकून लिहिले होते की, हे लोक शेतकऱ्यावर चोरीचा आळ घेतात, अंगावर हात टाकतात, यांचा वाडा कोणीही आपल्या रानात बसवून घेऊ नये. फोटो आम्ही त्यांच्या दारात आलो त्या दिवशी बसव्वांच्या हौसेखातर काढलेला आहे. चोराच्या उलट्या बोंबा त्या याच. ज्यांनी आम्हाला कधी बघितले नाही अशा लोकांनी खाली अंगठे उठवले. पुढच्या दोन शेतकऱ्यांनी सिद्धरामला येऊ नका म्हणून कळवले. एकाने तर फोनही केला नाही, नुसता हात जोडलेला पाठवला. ग्रुप आमचा, मेंढरे आमची, कोकरे आमची गेली, आणि सगळ्यांपुढे तोंड आमचेच काळे झाले.

पतीचे म्हणणे असे पडले की, मी ग्रुपवर माफी मागावी व कोकरे चुकून भरकटली होती असे लिहावे, म्हणजे सोमशेखर ती परत देतील व आपला धंदाही राहील. मी नाही म्हटले. तेव्हा ते म्हणाले, "पोलिसात गेलीस तर उद्या वाडा कुटं बसवायचा? तुझ्या डोस्क्यावर?" मी म्हटले, "बसवा. डोस्कं तरी माझं हाय." पती वाईट नाहीत. भिणारे आहेत. शेतकरी रागावला तर रान बंद होते, हे त्यांनी लहानपणापासून बघितले आहे. पण ज्याच्या रानात आपण आठ रात्री खत टाकले, त्याच्याच पोराने आपली कोकरे न्यावीत आणि वर माफीही आपणच मागावी, एवढे नमते मला घेता येत नाही.

म्हणून आज सकाळी मी, सिद्धराम व रुपाली यांनी टेम्पो ठरवला, त्यात कोकरांच्या एकोणीस आया चढवल्या आणि ठाण्यात आलो. पती नंतर एसटीने आले, ते बाहेर बाकावर बसले आहेत. माझ्या मोबाईलमधला व्हॉइस मेसेज आणि रुपालीच्या मोबाईलमधला व्हिडिओ मॅडमना दाखवला आहे. दोन्ही मोबाईल जमा करायला आमची तयारी आहे. व्हॉइस मेसेज पाठवणारा, सिद्धरामला फोनवर अडकवणारा व पिकअप चालवणारा यांना मी ओळखत नाही. त्यांचे नंबर मोबाईलमध्ये आहेत, ते कोणाच्या नावावर आहेत ते पोलिसांनी काढावे.

कोकरे तुमचीच कशावरून, असे विचारल्यावरून सांगते की, कानाला चिरा नाही हे खरे आहे. मेंढी दुसरीचे कोकरू पाजत नाही. हुंगते आणि ढुशी देऊन हाकलते. शरणबसवने ती बाजारातून आणली असतील तर माझ्या मेंढ्या त्यांना जवळ घेणार नाहीत. आजच, व्यापाऱ्याची गाडी यायच्या आत, पंच घेऊन शेडवर चला. कुलूप काढा, मेंढ्या आत सोडा आणि बाजूला उभे राहून बघा. मला तिथे एक शब्दही बोलू देऊ नका. एका मेंढीने जरी एक कोकरू ढकलले, तर खोटी तक्रार केली म्हणून माझ्यावर केस घाला.

जबाब इथवर आला असताना पती बिरप्पा आत आले व त्यांनी सिद्धरामचा मोबाईल माझ्या हातात दिला. पलीकडे सोमशेखर बिराजदार होते. ते म्हणाले, "ताई, सही करू नका. कोकरं सगळी देतो. गाडी पाठवा, घेऊन जावा. घरातली गोष्ट घरात राहू दे." मी विचारले, "मालक, तुमी आता कुटं हाय? शेडवर?" ते म्हणाले, घरी. मी म्हटले, "मग शेडवर जावा, कुलूप काढा आनि व्हिडिओ कॉल करा. एकोणीस हायती का बघू द्या. दिसली की मी सही करत न्हाय." मॅडमनी लिहिणे थांबवले. आम्ही वाट बघितली. घरापासून शेड मोटारसायकलने दहा मिनिटांवर आहे. फोन आला तो व्हिडिओ कॉल नव्हता. शेडवर रेंज नसते, ते बघून घरी परत येऊन बोलत असणार, म्हणून मी व्हिडिओचा हट्ट धरला नाही. सोमशेखर म्हणाले, "ताई, अकरा हायती." मी विचारले, बाकीची? ते म्हणाले, "चार मेली. दुधाबगर. चार पोरानं काल दुसऱ्या गाडीला दिली. मला ठाऊक नव्हतं, सिद्धरामेश्वराची आण." मग म्हणाले, गेलेल्या आठांच्या बदल्यात बाजारातून चांगली आठ आणून देतो.

मी मोबाईल पतीच्या हातात परत दिला. त्यांनी सगळे ऐकले होते, कारण आवाज मोठा होता. मॅडमनी विचारले, तक्रार ठेवायची आहे का. मी उत्तर द्यायच्या आत पती म्हणाले, "ठेवा." मग म्हणाले, "माझंबी नाव घाला." ते बाकावर न जाता इथेच उभे आहेत.

माझी शरणबसव सोमशेखर बिराजदार व त्याच्या साथीदारांविरुद्ध कायदेशीर तक्रार आहे. हा जबाब मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवला, कारण बाहेर मेंढ्या ओरडत आहेत व हळू वाचलेले ऐकू येत नाही. पहिल्या पानावर "गहाळ झाली" असे होते, ते खोडून "चोरून नेली" केले. बाकी मी सांगितले तसेच आहे. जबाब पुरा झाला असे मॅडम म्हणतात. माझा पुरा झालेला नाही, पण अकरा कोकरे अजून जिवंत आहेत, म्हणून इथेच थांबवून सही करते. गाडी काढा.

सही
फुलाबाई बिरप्पा सरगर

साक्षीदार
बिरप्पा सरगर, डाव्या हाताचा अंगठा